पत्रा फुगलाय? मग फुगवट्यावर ठोकू नका

प्रश्न: जुन्या ट्रकची केबिन घरीच नवीन करतोय. दरवाजाचा खालचा सडका भाग कापून १ मिमीचा पत्रा मिगने (तार आपोआप पुढे येते ते वेल्डिंग) जोडला, पण वेल्डच्या वर पत्रा फुगलाय, अंगठ्याने दाबला की टॉक करून आत जातो, सोडला की परत बाहेर. हातोडीने बसवायला गेलो तर अजूनच वाढलं. लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून टाकू का?

उत्तर: लांबीचा डबा आधी बाजूला ठेवा. फुगलेलं दिसलं की हात तिथेच जातो, सगळ्यांचाच जातो, पण खोड वेल्डच्या रेघेत आहे. ती गार होताना आक्रसते, आजूबाजूचा पत्रा ओढून घेते आणि उरलेल्याला जागाच राहत नाही म्हणून तो बाहेर येतो. तुम्ही वर ठोकून त्यालाच अजून ताणलंत, मग वाढणारच ना.

आता वेल्ड ग्राइंडरने जवळजवळ पत्र्याच्या लेव्हलला आणा, पण जरा घासलं की उचला, निळा पडला म्हणजे परत गरम करून तोच घोळ. मग मागून डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) घट्ट टेकवा आणि वेल्डच्या रेघेवरच हलके ठोके मारत जा, खणखणीत आवाज आला पाहिजे, बद्द आला तर डॉली सरकलीय. रेघ ताणली जाईल तसा फुगवटा उतरत जातो. मधेमधे तळहात फिरवून बघा, डोळ्याआधी हाताला कळतं. मिगची रेघ कडक असते, घाम काढेल, टिग या दुसऱ्या वेल्डिंगची मऊ.

दुसरा दरवाजा करताना सलग रेघ ओढूच नका. एक टाका इथे, दुसरा पार त्या टोकाला, आणि हात ठेवता येईल इतका गार झाल्याशिवाय शेजारी टाका नाही. कंटाळवाणं आहे, खरंय.

लांबी सगळ्यात शेवटी, ३ मिमीच्या आत, खाली इपॉक्सी प्रायमर मारून, कारण लांबी पाणी पिते. आतल्या बाजूने सीम सीलर (सांधा बंद करायची पेस्ट) विसरू नका, मागचा पत्रा आतूनच सडला असणार.

प्रश्न: चेसीस (ट्रकचा खालचा सांगाडा) पावडर कोट (कोरड्या पावडरचा रंग) करतोय, केबिनही सोबत देऊ का?

उत्तर: चेसीस द्या, केबिन नको. पावडर भट्टीत साधारण १८० ते २०० डिग्रीला भाजतात, त्यात साधी लांबी आणि रबर टिकत नाही. केबिन सँडब्लास्टला (वाळूच्या माऱ्याने गंज-रंग काढायला) देणार असाल तर सपाट पत्र्यावर जोरात मारू नका म्हणून बजावून सांगा, नाहीतर पत्रा लाटेसारखा होऊन परत येईल. आणि चेसीसवर दगडाने टवका उडाला तर त्याच आठवड्यात टच-अप करा, गंज कोटच्या खालून सरकतो आणि वरून बराच काळ सगळं चकाचक दिसतं.