मी सही दिली, तर त्यांना दुसरं लग्न करता येईल का?

हा प्रश्न घेऊन येणारी बाई सहसा एकटी येत नाही. सोबत भाऊ असतो, नाहीतर मावशी, आणि पिशवीत एक कागद. पाचशेच्या स्टॅम्पवर टाइप केलेला, खाली सहीची जागा रिकामी. नाशिकमध्ये कौटुंबिक समुपदेशन करताना असे कागद इतके पाहिलेत की त्यात काय असणार ते न वाचताही सांगता येतं. तरी मी प्रत्येक वेळी तो कागद त्या बाईलाच मोठ्याने वाचायला लावते. सही मागणाऱ्यांनी बहुधा तिला तो नीट वाचू दिलेला नसतो.

सुमनने तो वाचला. (नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही.) निफाड तालुक्यातलं द्राक्षबागेचं घर, लग्नाला आठ वर्षं झालेली, मूल नाही. 'लिहून देणार' म्हणून तिचं नाव, 'लिहून घेणार' म्हणून नवऱ्याचं. 'मला अपत्यप्राप्ती होत नसल्याने माझे पतींनी दुसरा विवाह करणेस माझी काहीएक हरकत नाही व भविष्यात राहणार नाही.' इथवर तिचा आवाज स्थिर होता. पुढची ओळ होती, 'पोटगी, निवास अगर मिळकतीबाबत मी कोणताही हक्क सांगणार नाही.' ती थांबली. 'हे मला सांगितलंच नव्हतं,' म्हणाली. शेवटी नेहमीचं वाक्य होतंच: 'सदरचे संमतीपत्र मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता लिहून देत आहे.' इकडे घरी, तिने सही करावी म्हणून सासूने अन्न सोडलं होतं.

'मॅडम, सही दिली की लग्न कायदेशीर होतं ना? कागद करून देणारे तसंच म्हणाले.'

होत नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा आहे. लग्नाच्या वेळी दोघांपैकी कोणाचाही नवरा किंवा बायको हयात असता कामा नये, ही त्यातल्या पाचव्या कलमाची पहिलीच अट. ती मोडून केलेलं लग्न अकराव्या कलमानुसार मुळातच शून्य, आणि सतराव्या कलमानुसार गुन्हा. आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८२ लागतं: सात वर्षांपर्यंत कैद, आणि पहिलं लग्न लपवून केलं असेल तर दहा वर्षांपर्यंत. पहिल्या बायकोने परवानगी दिली तर चालेल, असा अपवाद या कायद्यात कुठेही नाही. नोटरीच्या शिक्क्याने फार तर सही तिचीच आहे एवढं सिद्ध होतं.

मग तो कागद करतात कशाला? बाईचं तोंड बंद करायला. उद्या ती पोटगी मागायला गेली, की हा कागद पुढे केला जातो: 'बघा, हिनेच लिहून दिलंय.' माहेरच्यांनी आवाज उठवला की त्यांनाही तोच दाखवतात. हे मी सुमनला स्पष्ट सांगितलं. तिच्या भावाचा चेहरा उतरला, कारण साक्षीदार म्हणून त्याचीच सही घ्यायचं ठरलं होतं.

कायदा कळला तरी सुमन सैल झाली नाही. पुढच्या भेटीला तिने खरा प्रश्न काढला. 'आत्याबाई म्हणतात, वंश बुडवलास तर पाप तुझ्या माथी. दशरथालाही तीन राण्या होत्या. मी आडवी आले तर पाप लागेल का हो?'

अशा वेळी 'असं काही नसतं' म्हणून पुढे जाणं मला पटत नाही. ती श्रद्धाळू बाई आहे, तिचा प्रश्न श्रद्धेचा आहे आणि त्याचं उत्तर त्याच अंगाने मिळायला हवं. म्हणून मी तिला सांगितलं, की धर्मशास्त्रात यावर एकच मत नाही. मनुस्मृतीत मूल न होणाऱ्या बायकोच्या बाबतीत आठव्या वर्षी दुसरी करायची मुभा आहे, हे खरं. (सुमनच्या लग्नाचंही आठवंच वर्ष. सासूने मनुस्मृती उघडली नसेल, पण हिशोब कुठून झिरपत आला ते दिसतं.) आपस्तंब धर्मसूत्र मात्र म्हणतं, 'धर्मप्रजासंपन्ने दारे नान्यां कुर्वीत', धर्म आणि प्रजा दोन्ही बाजूंनी पत्नी संपन्न असेल तर दुसरी करू नये. म्हणजे जुन्या काळीही दुसरं लग्न ही मुभाच होती, कर्तव्य नव्हतं. आणि पंचवटी जिथे आहे त्या नाशिकमध्ये राहून दशरथाचाच दाखला का घ्यायचा? आपण नाव घेतो ते रामाचं, एकवचनी, एकबाणी, एकपत्नी. हे ऐकून ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलली.

वंशाचा मुद्दा तर न्यायालयात जाऊन आलेला आहे, आणि तोही आपल्याच राज्यात. मुंबई इलाख्यात १९४६ सालीच हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी करणारा कायदा झाला. नाशिक जिल्हा तेव्हा त्याच इलाख्यात होता. त्या कायद्याला आव्हान दिलं गेलं: हिंदूला मोक्षासाठी पुत्र लागतो, मग दुसऱ्या लग्नाला बंदी म्हणजे धर्मावर घाला, आणि मुसलमानांना मोकळीक असताना हिंदूंनाच बंदी का? नरसू अप्पा माळी प्रकरणात १९५१ साली मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही मुद्दे फेटाळले. मुख्य न्यायमूर्ती छागलांचं म्हणणं असं होतं की पुत्राचं महत्त्व हिंदू धर्म मानतो हे खरं, पण तोच धर्म दत्तकही मान्य करतो. हे सांगितल्यावर सुमन म्हणाली, 'दत्तकाचं मी दोनदा काढलं घरात. कोणी ऐकून घेतलं नाही.'

नवऱ्याला बोलावलं. तो आला, हे मी त्याच्या बाजूने नोंदवते. बरेच जण येतच नाहीत. तिशी ओलांडलेला, आईच्या शब्दाबाहेर कधी न गेलेला माणूस. सुमनच्या तपासण्यांची फाइल जाडजूड होती: सोनोग्राफ्या, रक्ताच्या तपासण्या, नळ्यांचा एक्स-रे, नाशिकच्या दोन आणि पुण्याच्या एका दवाखान्याची कागदपत्रं. मी विचारलं, 'तुमची फाइल कुठे आहे?' त्याची एकही तपासणी झालेली नव्हती. वीर्यतपासणी ही सगळ्यात सोपी आणि स्वस्त तपासणी, तिच्यात सुई नाही की भूल नाही. पण आठ वर्षांत ती करायचं ना घरात कोणी म्हटलं, ना त्याने मनावर घेतलं. दोष कोणात आहे हे माहीतच नसताना दुसरी मुलगी बघून ठेवलेली होती. मला याचा संताप येतो आणि तो मी लपवत नाही. पुरुषात कारण असलं तर दुसऱ्या घरात आणखी एक मुलगी 'वांझ' ठरणार, एवढाच या लग्नाचा अर्थ.

त्याने हळूच आणखी एक विचारलं. मित्राने सांगितलं होतं, धर्म बदलला की दोन चालतात. नाही चालत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सरला मुद्गल प्रकरणात हे स्पष्ट केलं आणि २००० साली लिली थॉमस प्रकरणात पुन्हा सांगितलं: धर्म बदलल्याने पहिलं लग्न मोडत नाही, म्हणून दुसरं गुन्हाच ठरतं.

'आणि त्या मुलीचं काय होईल?' हे सुमनने विचारलं, नवऱ्याने नाही. मुलगी पेठकडच्या गरीब घरातली होती. तिला बायकोचा दर्जा मिळणार नाही. फसवून लग्न केलं असेल, तर २०१३ च्या बादशाह विरुद्ध उर्मिला गोडसे या निकालाच्या आधारे ती पोटगी मागू शकते. पण इथे तर तिच्या घरच्यांना सगळं ठाऊक होतं. मुलं झाली तर ती हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ मुळे औरस मानली जातील, आईबापाच्या मिळकतीत त्यांना वाटा मिळेल. मुलांना नाव मिळेल आणि आई मात्र कायद्याच्या लेखी कोणीच नसेल.

(पेठ, सुरगाणा, कळवणच्या आदिवासी बांधवांसाठी एक खुलासा. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, तिथे जमातीची रूढी बघितली जाते. त्यामुळे तिथल्या प्रकरणात वरचं सगळं जसंच्या तसं लावू नका, वकिलाला विचारा.)

त्याच सुमाराला रुबीना यायची. (हेही नाव बदललेलं.) सिन्नरकडची, मराठी शाळेत शिकलेली, दोन लेकरं. नवऱ्याने जुन्या नाशकात दुसरा निकाह केला होता आणि घरखर्च थांबवला होता. तिचा प्रश्न सुमनच्या उलटा होता: 'आमच्यात चालतं म्हणतात. मग मला काहीच करता येत नाही का?'

मुस्लिम पुरुषाचं दुसरं लग्न आपल्या राज्यात आज गुन्हा नाही. पण 'चालतं' हा शब्द तिला जितका मोठा करून सांगितला होता, तितका तो मोठा नाही. कुराणातल्या सूरह निसाची तिसरी आयत चारपर्यंत परवानगी देते, पण न्याय करता येणार नाही अशी भीती असेल तर एकच, हेही त्याच आयतीत आहे. त्याच सूरहची १२९ वी आयत म्हणते, तुम्ही कितीही इच्छा केलीत तरी बायकांमध्ये पूर्ण न्याय करू शकणार नाही. यावर उलेमांमध्ये, म्हणजे धर्मपंडितांमध्ये, जुना वाद आहे. परंपरावादी म्हणतात, पहिल्या आयतीतला न्याय खर्च, घर आणि वेळेचा आहे, दुसरीतला मनाच्या ओढीचा, म्हणून परवानगी कायम. सुधारणावादी म्हणतात, दोन्ही एकत्र वाचल्या की एकपत्नीत्वच उरतं. ट्युनिशियाने १९५६ साली बंदी घातली ती याच युक्तिवादाने. आपल्याकडे हमीद दलवाईंनी १९६६ साली सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तेव्हा तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व हेच विषय होते. उत्तराखंडात २०२५ पासून समान नागरी कायद्याखाली सर्वधर्मीयांना बंदी लागू झाली. सर्वोच्च न्यायालयात यावरच्या याचिका २०१८ साली घटनापीठाकडे सोपवल्या गेल्या.

माझं मत विचाराल तर बंदी हवी, सर्व धर्मांना हवी. पण हा विषय फक्त मुसलमानांचा आहे असं धरून बोलणाऱ्यांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे २०१९-२१ चे आकडे बघावेत: नवऱ्याला आणखी बायको असल्याचं सांगणाऱ्या स्त्रिया मुस्लिमांत १.९ टक्के, हिंदूंत १.३ टक्के. हिंदूंत सात दशकं कायदा असूनही एवढ्या. सुमनसारख्या घरांतून तो आकडा येतो.

रुबीनाला मात्र वादाचा निकाल लागेपर्यंत थांबायचं कारण नव्हतं. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात, एकाहून अधिक बायका असताना नवरा समान वागणूक देत नसेल, तर बाईला न्यायालयातून घटस्फोट मिळतो. दोन वर्षं खर्च दिला नाही, हेही वेगळं कारण आहे. आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये (जुन्या १२५ मध्ये) एक तरतूद आहे जी फार थोड्या बायकांना माहीत असते: नवऱ्याने दुसरं लग्न केलं असेल, तर त्याच्यासोबत राहायला नकार देऊनही बायको पोटगी मागू शकते. धर्म कोणताही असो. 'नांदायला ये, मगच खर्च देतो' हे उत्तर तिथे टिकत नाही. रुबीनाने घटस्फोट मागितला नाही. तिने पोटगीचा अर्ज केला आणि धाकट्या बहिणीच्या निकाहनाम्यात दुसऱ्या लग्नाविरुद्धची अट घालून घेतली. तशी अट घालता येते.

सुमनने सही केली नाही. ती काही महिने माहेरी राहिली. नवऱ्याने तपासणी केली. निष्कर्ष त्या दोघांचा आहे, मी इथे लिहिणार नाही. सासू माझ्याशी आजही बोलत नाही. पेठच्या मुलीचं स्थळ मोडलं, पण आणखी एखादं शोधलं जाणारच नाही अशी खात्री मी देऊ शकत नाही. म्हणून सुमनला सांगून ठेवलंय, की लग्न झालंच तर फोटो, पत्रिका, पुरोहित आणि जेवायला गेलेल्यांची नावं जपून ठेव. भाऊराव लोखंडे प्रकरणात १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की दुसऱ्या लग्नाचे आवश्यक विधी सिद्ध झाले नाहीत तर गुन्हा सिद्ध होत नाही. देवळात नुसते हार घालून केलेली लग्नं तिथेच निसटतात. हा गुन्हा पोलीस आपणहून दाखल करून घेत नाहीत. बायकोला किंवा तिच्या वतीने आई, वडील, भाऊ, बहीण यांना न्यायालयात तक्रार करावी लागते.

आणि ज्यांनी आधीच सही करून दिलीय त्यांच्यासाठी. सहीने तुमचे हक्क संपलेले नाहीत. पोटगीचा हक्क असा लिहून देऊन जात नाही, राहत्या घरातून काढता येत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. सही कशी घेतली, कोण हजर होतं, घरात काय चाललं होतं, हे आठवतंय तोवर तारखेसह लिहून काढा आणि कागदाची प्रत मागा. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आहे. जाताना तो कागद सोबत न्या.