रोनाल्ड साइम यांना रोमचे एवढे मोठे इतिहासकार का मानतात?

थोडक्यात सांगायचं तर, त्यांनी रोमच्या सत्तेचा उलगडा सोयरिकींमधून केला.

साइम न्यूझीलंडचे, जन्म १९०३ चा. तिथलं शिक्षण आटोपून ऑक्सफर्डला आले आणि १९२९ मध्ये ट्रिनिटी कॉलेजात फेलो झाले. 'द रोमन रेव्होल्यूशन' हे त्यांचं पुस्तक सप्टेंबर १९३९ मध्ये, महायुद्ध पेटलं त्याच महिन्यात आलं. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याला शांतिदूत म्हणून गौरवण्याची रीत होती. साइमनी दाखवलं ते वेगळंच: एका गटाने पैसा, फौज आणि लग्नसंबंध यांच्या जोरावर सत्ता कशी बळकावली.

एकच उदाहरण बघा. ऑगस्टसचा सेनापती अग्रिप्पा वारला तेव्हा ऑगस्टसने त्याची विधवा, म्हणजे स्वतःची मुलगी जूलिया, आपला सावत्र मुलगा आणि पुढचा सम्राट टायबेरियस याला दिली. त्यासाठी टायबेरियसला बायको सोडायला लावली, आणि ती बायको विप्सानिया अग्रिप्पाचीच लेक! पुढे ती एकदा नजरेस पडली तेव्हा टायबेरियसचे डोळे भरून आले, असं रोमन चरित्रकार स्वेटोनियस लिहितो. आपल्याकडच्या सरदार घराण्यांच्या सोयरिकी ज्यांनी वाचल्यात, त्यांना हे राजकारण लगेच कळेल.

युद्धकाळात साइम बेलग्रेड आणि अंकारा इथल्या ब्रिटिश वकिलातींत होते, मग इस्तंबूल विद्यापीठात प्राध्यापक. १९४९ ते १९७० ऑक्सफर्डचं प्राचीन इतिहासाचं कॅम्डेन प्राध्यापकपद सांभाळलं. १९५८ मध्ये रोमन इतिहासकार टॅसिटसवरचा दोन खंडांचा ग्रंथ आला. माझ्या मते त्यांची खरी ताकद तिथे दिसते. निवृत्तीनंतरही वुल्फसन कॉलेजात त्यांचं लिखाण चालूच होतं. १९८९ मध्ये ते गेले.

सुरुवात 'रेव्होल्यूशन'पासूनच करा. नावांच्या गर्दीने पहिली पन्नास पानं जड जातील, पण शेजारी वंशावळी उघडी ठेवा.