हळदीकुंकवासाठी भरतकामाचा ब्लाऊज मागवताना

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पाठीवर नऊवारीतली बाई किंवा डोली भरलेला ब्लाऊज हवा, शिवणारे पुण्यात आणि घालणारी सातासमुद्रापार. अशा वेळी क्रम चुकवू नका: आधी मापं, मग भरतकाम, कापड कापायचं सगळ्यात शेवटी. दाट भरतकामाने कापड आत ओढलं जातं, त्यामुळे आधी कापलेला भाग हमखास अपुरा पडतो.

अंगाची मापं फोनवर सांगू नका. नीट बसणारा जुना ब्लाऊज सपाट पसरून त्यावर टेप ठेवा आणि फोटो पाठवा. छाती, उंची, खांदा, मुंढा (बाही जोडतात तो घेर), दंडघेर, पुढच्या-मागच्या गळ्याची खोली, प्रत्येकाचा वेगळा फोटो. दोन्ही बाजूच्या शिवणींत दीड-दीड इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवायला सांगा. नक्षी शिवणीच्या रेषेपासून अर्धा इंच अलीकडेच थांबली पाहिजे. मणी शिवणीत आले तर मशीनची सुई मोडते, आणि पुढे ब्लाऊज सैल करायचा झाला तर कडेची नक्षी उसवावी लागते. आरीकामात, म्हणजे आकड्याच्या सुईने केलेल्या भरतकामात, हे उसवणं फार वाईट. आरीचा टाका साखळीचा असतो. धाग्याचं टोक पक्कं न करता कापलं, की ओळच्या ओळ सुटत जाते. म्हणून मागे लोंबणारा धागा दिसला तर कात्री लावू नका, सुईने आत ओवून गाठ मारा.

अस्तराचं सुती कापड शिवण्यापूर्वी रात्रभर भिजवून वाळवलेलं हवं. नाहीतर पहिल्याच धुण्यात अस्तर आटतं आणि वरच्या नक्षीला सुरकुत्या पडतात.

आता ती पाठीवरची बाई. ती चार इंचांहून लहान नको, नाहीतर नाक-डोळे म्हणजे नुसते धाग्याचे ठिपके होतात. चेहरा एकपदरी धाग्याने भरायला सांगा, नथीला एक बारीक मोती पुरे. हुक पुढे ठेवा, म्हणजे चित्र मधोमध चिरलं जाणार नाही. खोल गळा आणि मोठं चित्र दोन्ही एकत्र मागू नका. पाठीवर तेवढी जागाच नसते. कापडावर उतरवलेल्या खाक्याचा फोटो आधी मागवा. भरल्यानंतर चेहरा आवडला नाही, तर उसवलेल्या जागी सुईची भोकं राहतात, रेशमावर तर ठळक.

भरतकाम साडीवरच हवं असेल, तर काळी इरकल आणि त्यावर धारवाड-हुबळीकडची कसुती, याला आमच्या मते तोड नाही. कसुतीत खाका काढत नाहीत, विणीचे धागे मोजून टाके घालतात. गवंती आणि मुरगी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात. नेगी आणि मेंथी मात्र मागून वेगळे दिसतात, म्हणून तेवढ्यावरून साडी नाकारू नका. मशीनकाम ओळखायचं तर उलटी बाजू पाहा: रंग कुठलेही असोत, मागे सगळीकडे एकाच बारीक, बहुधा पांढऱ्या धाग्याचं जाळं असतं. हातकाम करणाऱ्या बायकांना घाई करून चालत नाही. गणपतीपासून दिवाळीपर्यंत त्यांच्याकडे गर्दी, पाठोपाठ लग्नसराई. संक्रांतीचं काम ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच द्या.

वस्तू हातात आल्यावर ओला पांढरा रुमाल नक्षीच्या उलट्या बाजूला दाबून पाहा. लाल किंवा काळा रंग रुमालाला लागला, तर घरी धुऊ नका. ड्रायक्लीनला देताना टिकल्या प्लास्टिकच्या आहेत हे सांगा, काही द्रावणांत त्या वितळतात. इस्त्री टॉवेलवर उलटं पसरून, वाफ न सोडता. अत्तर ब्लाऊज घालण्याआधी लावा, जरीवर पडलं तर ती काळवंडते. ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीऐवजी मलमलीत गुंडाळा आणि डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नका.