ऐकता-विचारता : बाबांचा गोंगाट आणि सेल उतरलेला वॉकमन

प्रश्न : दर रविवारी आमच्याकडे आईला सुट्टी असते आणि भांडी बाबा घासतात, तेव्हा घरभर मेटॅलिका या बँडचा 'किल एम ऑल' लागतो. मी पण मेटल, म्हणजे असलं दणदणीत गिटारचं रॉक ऐकते, पण मला त्यांचा नंतरचा 'मास्टर ऑफ पपेट्स' जास्त आवडतो, बाबांचा हा पहिला अल्बम म्हणजे डब्यात खडे घालून हलवल्यासारखा वाटतो. तरी बाबांच्या वयाचे सगळे याच्यावर एवढे फिदा का? नुसता नॉस्टॅल्जिया ना?
– बी.एस्सी. दुसरं वर्ष, सांगली

उत्तर : आधी बाबांना माझा नमस्कार सांग, कढई घासायला याहून चांगला अल्बम निघालेला नाही.

नॉस्टॅल्जिया आहेच गं, कशाला खोटं बोलू. आणि डब्यात खडे हे पण मान्य. मे १९८३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावात अडीच आठवड्यांत उरकलेलं रेकॉर्डिंग आहे ते, बजेट पंधरा हजार डॉलरच्या आसपास, आणि तेवढे उभे करतानाही जॉन आणि मार्शा झझुला या नवरा-बायकोच्या तोंडाला फेस आलेला. या दोघांचा न्यू जर्सीतल्या एका जुन्या बाजारात रेकॉर्डचा स्टॉल होता, तिथे एक गिऱ्हाईक मेटॅलिकाच्या पोरांची डेमो कॅसेट घेऊन आलं, ती ऐकून झझुलांनी त्यांना बोलावून घेतलं, पोरं भाड्याच्या ट्रकमध्ये सामान कोंबून कॅलिफोर्नियाहून अख्खा देश ओलांडून आली, आणि मग एकही कंपनी हात लावेना म्हणून झझुलांनी स्वतःच मेगाफोर्स नावाचं लेबल काढलं! पोरं राहायची कुठे तर न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्स भागात एका रिहर्सलच्या बिल्डिंगमध्ये, तिथेच सराव करणाऱ्या अँथ्रॅक्स बँडवाल्यांनी दया येऊन फ्रिज दिला. गाणारा जेम्स हेटफील्ड आणि ड्रमवाला लार्स उलरिक तेव्हा १९ वर्षांचे, गिटारवाला कर्क हॅमेट २०, बेसवाला क्लिफ बर्टन २१. म्हणजे तुझ्याच कॉलेजच्या कँटीनमध्ये उधारी ठेवणारी मंडळी म्हण.

आता माझं सांगतो. होस्टेलला असताना माझ्याकडे या अल्बमची कॉपीची कॉपी होती, कव्हर नाही, नावं बॉलपेनने लिहिलेली, त्यातली दोन चुकीची. वॉकमनचे सेल उतरले की टेप रेंगाळायची आणि जेम्स एकदम म्हाताऱ्यासारखा गायला लागायचा. नवीन सेल घ्यायला पैसे नसायचे म्हणून तसंच ऐकायचो, आणि एका रात्री 'नो रिमॉर्स' तसं रेंगाळत चाललेलं असताना डोक्यात उजेड पडला की अरे, हे तर नीट रचलेलं आहे. एक रिफ, म्हणजे गिटारचा परत परत वाजणारा तुकडा, येतो, थोडा फिरतो, मग त्याच्याच पोटातून दुसरा निघतो, आणि गाणं संपत आलं असं वाटतं तेव्हा अचानक पळायला लागतं, आणि हो, ते पळणं माझ्या मेलेल्या सेलवर पण कळलं. तोवर मी पण याला निव्वळ दंगा समजत होतो.

म्हणून माझं मत असं की या अल्बमचं नाव झालं वेगामुळे, पण तो टिकला तो जिथे वेग कमी होतो त्या जागांमुळे. 'द फोर हॉर्समेन' सात मिनिटांचं आहे, मध्येच घोडे चालीवर येतात, एक चक्क सुरेल तुकडा येतो, मग परत टाच मारतात. 'सीक अँड डिस्ट्रॉय' तर मुळात पळतच नाही, ते चालतं, छाती काढून, गल्लीतल्या दादासारखं, म्हणूनच तर कितीतरी वर्षं हे लोक कॉन्सर्टचा शेवट त्या गाण्याने करायचे. सत्तर-ऐंशी हजार माणसांना एकत्र ओरडायचं असेल तर गाण्याने जरा थांबायला नको का? ब्रिटिश हेवी मेटलचे रिफ घ्यायचे आणि ते पंकच्या घाईत वाजवायचे हे तेव्हा अजून पण काही जण करत होते, पण घाईत असताना कुठे ब्रेक मारायचा हे या पोरांना एकोणिसाव्या वर्षी कसं कळत होतं देव जाणे.

'मास्टर ऑफ पपेट्स' जास्त चांगला आहे, त्यात वादच नाही. पण तो बांधलेला बंगला आहे. इथे अजून परांची लागलीये आणि पोरं तिच्यावरनं उड्या मारतायत. मला दोन्ही लागतं, रविवारी हे जास्त.

प्रश्न : या अल्बममधल्या चार गाण्यांवर आधीचा गिटारवाला डेव्ह मस्टेन याचं नाव आहे, पण फोटोत तो नाही. मग हा अल्बम नक्की कोणाचा? मित्राशी पैज लागलीये, वडापावची.
– मेगाडेथ पार्टी, डोंबिवली

उत्तर : वडापाव अर्धा-अर्धा करा. 'द फोर हॉर्समेन', 'जंप इन द फायर', 'फँटम लॉर्ड' आणि 'मेटल मिलिशिया' या चारांवर त्याचं नाव आहे, बरोबर. ११ एप्रिल १९८३ ला सकाळी उठवून त्याला सांगितलं की तू बँडमध्ये नाहीस, कारण पिणं आणि त्यानंतरची भांडणं, आणि हातात न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिसचं बसचं तिकीट. चार दिवसांचा प्रवास हो! विमान नाही, बस. पुढचं आयुष्य त्याने त्या बसचा राग काढण्यात घालवलं आणि त्यातून त्याची स्वतःची बँड मेगाडेथ झाली, तर एका अर्थी ते तिकीट मेटलमधलं सगळ्यात वसूल झालेलं तिकीट. 'द फोर हॉर्समेन'चं मूळ गाणं त्याने १९८५ मध्ये मेगाडेथच्या पहिल्या अल्बमवर 'मेकॅनिक्स' नावाने वाजवलं, तुफान फास्ट, तो मधला संथ तुकडा नाहीच. दोन्ही लागोपाठ ऐका. मला मेटॅलिकाचं जास्त आवडतं, आता मला शिव्यांची पत्रं येणार, येऊ द्या.

आणि बिचाऱ्या कर्कचा पण विचार करा, एक्झोडस नावाची बँड सोडून आला आणि महिन्याभरात स्टुडिओत. काही सोलोंची सुरुवात डेव्हचीच ठेवून पुढे त्याने स्वतःचं घातलं.

प्रश्न : पाचवा ट्रॅक 'अनॅस्थेशिया' बेसवर वाजवलाय हे मला पटत नाही, ती गिटारच आहे. दुसरं, 'व्हिप्लॅश' वाजवताना दोन मिनिटांत माझा उजवा हात भरून येतो, काय करू?
– नवा गिटारवाला, नागपूर

उत्तर : बेसच आहे दादा. सुरुवातीलाच रेकॉर्डिंग करणाऱ्याचा आवाज येतो बघ, बेस सोलो, टेक वन, अगदी सरकारी आवाजात. क्लिफ बर्टन बोटांनी वाजवायचा, पिक नाही, आणि वर आवाज फाडणारं डिस्टॉर्शन आणि पायाने दाबून आवाज वळवायचं वॉ पेडल लावलं की बेस असा गिटारसारखा किंचाळतो. आधी स्वर एकेक सुटे करत जातो, जवळजवळ चर्चमधल्या ऑर्गनसारखं, मग ते चिघळत जातं, आणि मग लार्सचे ड्रम येतात. बँडच्या पहिल्याच अल्बमवर चार मिनिटांचा बेस सोलो ठेवायची हिंमत बघा. याच माणसासाठी बाकीच्यांनी लॉस एंजेलिस सोडून सॅन फ्रान्सिस्कोकडे बिऱ्हाड हलवलं होतं, कारण तो म्हणाला मी येणार नाही, तुम्ही या. सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनला बसच्या अपघातात गेला, २४ वर्षांचा होता.

हाताचं असं, की तू बहुतेक कोपरातून जोर लावतोयस. मनगट सैल ठेव, पिकचं टोक जेमतेम बाहेर, तळव्याची कड ब्रिजजवळ टेकलेली. मेट्रोनोम, म्हणजे ठेका देणारं यंत्र, निम्म्या स्पीडला लाव आणि आठवड्याला थोडा थोडा वाढव. दुखलं की थांब, मर्दुमकी नको.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. त्याच्या खोलीत या अल्बमचं पोस्टर लागलंय, हातोडा, रक्ताचं थारोळं, आणि वर नाव असलं मारून टाका वगैरे. काळजी करू का हो?
– एक आई, पुणे

उत्तर : ताई, तुम्ही सुटलात असं समजा, कारण मूळ प्लॅनमध्ये कव्हरवर संडासाच्या भांड्यातून बाहेर आलेला सुरा धरलेला हात होता आणि नाव असं की ते इथे छापलं तर संपादक माझं सदर बंद करतील. डिस्ट्रिब्यूटर लोकांनी नकार दिला, त्यावर क्लिफ वैतागून बोलला की मारून टाका सगळ्यांना, म्हणजे त्या डिस्ट्रिब्यूटरांना, आणि तेच नाव पडलं. थोडक्यात, दुकानदारावरचा राग आहे तो.

गाण्यांचं म्हणाल तर दहातली तीन-चार याच संगीताबद्दल आहेत, आम्ही किती जोरात वाजवतो, मान कशी हलवतो, असलंच. एकात सैतान येतो, पण तो आपल्या दशावतारातल्या संकासुरासारखा, येतो, घाबरवतो, जातो. काळजी करायचीच तर हेडफोनच्या आवाजाची करा, ती खरी आहे. आणि एकदा त्याच्याबरोबर बसून ऐका, तो लाजून पोस्टर काढेल कदाचित!

प्रश्न : माझ्या सीडीवर बारा गाणी आहेत, मित्राकडच्या जुन्या एलपीवर दहाच. माझी डुप्लिकेट आहे का?
– गोंधळलेला, वास्को

उत्तर : नाही नाही. २५ जुलै १९८३ ला निघाला तो दहा गाण्यांचा. १९८८ मध्ये इलेक्ट्रा कंपनीने परत काढला तेव्हा मागे दोन कव्हर, म्हणजे दुसऱ्या बँडची गाणी जोडली, 'ॲम आय ईव्हल' आणि 'ब्लिट्झक्रीग'. दोन्ही झकास, पण ती वेगळी ऐका. कारण दहावं 'मेटल मिलिशिया' संपतं तेव्हा बुटांचा आवाज येतो, कवायतीसारखा, आणि तो लांब लांब जात विरतो. तिथे स्टॉप दाबा.