जुन्या ॲम्बेसेडरच्या थर्मोस्टॅट हौसिंगमधून पाणी गळतं. दोनदा पॅकिंग बदललं तरी थांबत नाही. काय करावं?

दोनदा पॅकिंग बदलून गळती तशीच आहे, म्हणजे दोष पॅकिंगचा नाही. तिसरं पॅकिंग आणू नका. (थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप, आणि हौसिंग म्हणजे तिच्यावरचं झाकण.) तुमची गाडी मार्क 2, इंजिन 1489 सीसीचं, आणि गॅरेजवाला म्हणतोय, “नट अजून आवळू, नाहीतर थर्मोस्टॅटच काढून टाकू.” हे दोन्ही करू देऊ नका. माझ्याकडे याच इंजिनाची मार्क 3 आहे, त्यामुळे या कोपऱ्याशी चांगली ओळख आहे.

हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) बी-सिरीज इंजिन. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, बिडाचं, हौसिंग ॲल्युमिनियमचं आणि त्यातून जाणारे तीन स्टड, म्हणजे नट बसतात ते आट्यांचे दांडे, पोलादाचे. हे धातू पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम आधी झिजतं. त्यात आपल्याकडे वर्षानुवर्षं नळाचं नाहीतर बोअरचं पाणी ओतलेलं. मग हौसिंगच्या खालच्या बाजूला खड्डे पडतात, पांढरी भुकटी साचते. अशा पृष्ठभागावर कागदी पॅकिंग कितीही चांगलं लावा, खड्ड्यातून पाणी वाट काढणारच. आणि गळतंय म्हणून नट आवळत गेलं की हौसिंगचे कान खाली वाकतात, मधला भाग उचलला जातो आणि गळती वाढते.

आधी पाणी खरंच तिथूनच येतंय ना, ते बघा. वरच्या होजची क्लिप ढिली असली तरी पाणी ओघळून हौसिंगखालीच जमतं, आणि पंख्याचा वारा ते मागे उडवतो. इंजिन थंड असताना सगळं कोरडं पुसा, टिश्यू पेपर गुंडाळा आणि गाडी सुरू करून कुठला कागद आधी भिजतो ते पाहा.

आता काम. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच रेडिएटरचं झाकण उघडा. खालच्या कॉकने पाणी हेडच्या खाली जाईपर्यंत काढलं की पुरे. ते कूलंट असेल तर उघड्यावर ठेवू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात.

सगळ्यात कंटाळवाणा भाग हौसिंग काढण्याचा. नट सहज निघतात, पण हौसिंग स्टडवर गंजून बसलेलं असतं. आदल्या रात्री तिन्ही स्टडच्या मुळाशी डब्ल्यूडी-40 हे गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा, सकाळी पुन्हा सोडा. मग लाकडी हातोडीने चारी बाजूंनी हलके ठोके. हीट गनने गरम केलं तर आणखी बरं, कारण ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं आणि पकड सुटते. फक्त आधी सांडलेलं तेल पुसून घ्या आणि कार्ब्युरेटरच्या आसपास पेट्रोलचा वास येत नाही याची खात्री करा. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होतोच. पण त्याने जो ओरखडा पडतो, तोच उद्याच्या गळतीचा रस्ता. आणि एवढं करूनही स्टड तुटलाच, तर उरलेल्या बुडख्यावर नट वेल्ड करून घ्या. वेल्डिंगच्या उष्णतेने आटेही सैल होतात. नवा स्टड इंची मापाचाच हवा. आठ एमएमचा जवळजवळ बसतो आणि हेडचे आटे खातो. बसवताना आट्यांना सीलंट लावा.

हौसिंग निघालं की बहुतेक जण एक गोष्ट बघतच नाहीत. थर्मोस्टॅट हेडमध्ये एका गोल खाचेत बसतो आणि त्याची कड हेडच्या पातळीत यायला हवी. त्या खाचेत गंज आणि जुन्या पॅकिंगचे तुकडे साचलेले असतील तर थर्मोस्टॅट किंचित वर राहतो. मग हौसिंग हेडवर टेकतच नाही, थर्मोस्टॅटच्या कडेवर टेकतं. तुमच्याकडे दोन पॅकिंगं वाया गेली त्यामागे हे असण्याची दाट शक्यता मला वाटते. खाच खरवडून स्वच्छ करा, थर्मोस्टॅट ठेवा आणि वरून स्टीलची पट्टी फिरवून कड वर आलेली नाही ना ते बघा. खरवडताना हेडच्या भोकात चिंधी कोंबून ठेवा आणि ती आठवणीने काढा.

मग हौसिंगचा तळ. जाड, सपाट काचेवर 220 नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा सँडपेपर) ठेवा, पाणी शिंपडा आणि हौसिंग इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत घासा. मध्ये मध्ये उचलून बघा. जिथे चमक आली नाही तो भाग खोल आहे. सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत घासायचं. खड्डे फारच खोल असतील तर लेथवाल्याकडून तळ सपाट करून घ्या किंवा नवं हौसिंग आणा. पण नवंही काचेवर तपासा. हल्ली मिळणारी कास्टिंगं डब्यातून निघतानाच सपाट असतील याचा भरवसा नाही.

पॅकिंग घरी कापायचं असेल तर कागद हौसिंगवर ठेवून हातोडीने ठोकत कापायची आपली जुनी पद्धत इथे नको. ॲल्युमिनियमची कड दबते. तळाला ग्रीस लावून कागदावर छाप घ्या आणि कात्रीने कापा. दोन्ही बाजूंना सीलंटचा अगदी पातळ हात. भसाभस लावलेलं सिलिकॉन सीलंट आत पिळून निघतं आणि रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतं.

नट तिन्ही थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. याच घराण्यातलं इंजिन असलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या मॅन्युअलमध्ये या नटांना 8 पाउंड-फूट टॉर्क दिला आहे, म्हणजे साधारण 11 न्यूटन-मीटर. छोटा पाना मनगटाच्या जोरावर फिरवला की तेवढं होतं. सिलिकॉन लावलं असेल तर रात्रभर सुकू द्या. एकदा इंजिन तापून पूर्ण गार झालं की नट पुन्हा तपासा.

राहिला थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला. “आपल्याकडे कुठे एवढी थंडी?” हे वाक्य मी अनेक गॅरेजांत ऐकलंय. थर्मोस्टॅटचा संबंध बाहेरच्या थंडीपेक्षा इंजिनाच्या तापमानाशी जास्त आहे. तो नसला की इंजिन तापायला वेळ घेतं, पेट्रोल जास्त पितं, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं. जुना चालतो की नाही हे पातेल्यात कळतं. दोऱ्याने पाण्यात लटकवा, थर्मामीटर ठेवा आणि गॅस लावा. 82 छापलेला असेल तर 82 अंशांच्या आसपास उघडायला लागायला हवा. गार झाल्यावर बंदही व्हायला हवा. पातेलं अर्थातच जेवणाचं नको. थर्मोस्टॅटला हवा जाण्याचं बारीक छिद्र नसेल तर कडेला 3 मिमीचं एक पाडून घ्या, नाहीतर पाणी भरताना खाली हवा अडकते.

भरताना नळाचं पाणी नको. डिस्टिल्ड वॉटर आणि इथिलीन ग्लायकॉलचं कूलंट भरा, निम्मं-निम्मं चालेल. जुन्या रेडिएटरच्या कॅपचा, म्हणजे झाकणाचा, दाब कमी असतो. दुकानदाराने हल्लीच्या गाडीची जास्त दाबाची कॅप दिली असेल तर ती बदला.

हे सगळं करूनही गळलं, तर थंड इंजिनावर झाकण काढून गाडी सुरू करा आणि रेडिएटरच्या तोंडात बघा. सुरुवातीला अडकलेली हवा निघेल. पण बुडबुडे थांबतच नसतील आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर वाढत असतील, तर हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं पॅकिंग, गेलंय. सिलिंडरचा दाब पाण्यात शिरतोय आणि हौसिंग ही फक्त त्याला सापडलेली कमजोर जागा आहे. मग हेड उतरवावं लागेल.