नवऱ्याचे पूर्वज नॉर्वेतून अमेरिकेत आले. एलिस आयलंडवर (न्यूयॉर्कचं स्थलांतरितांचं तपासणी केंद्र) त्यांचं आडनाव बदललं म्हणतात. मूळ गाव कसं शोधू? कोणत्या साइटचे पैसे भरू?

एलिस आयलंडची गोष्ट आधी डोक्यातून काढा. तिथले कारकून बोटीच्या यादीवरून नावं पडताळायचे, नवी ठेवायचे नाहीत. शिवाय ते केंद्र सुरू झालं 1892 मध्ये. त्याआधी कितीतरी नॉर्वेजियन कॅनडात क्यूबेकला उतरून विस्कॉन्सिन-मिनेसोटाला आले.

आडनाव बदललं म्हणता, पण तिकडच्या खेड्यात कायमचं आडनाव होतंच कुठे? स्वतःचं नाव, बापाचं नाव, राहत्या शेतवाडीचं नाव. ओले हान्सेन बाकेन म्हणजे हान्सचा मुलगा ओले, मुक्काम बाकेन. आपल्या 'कर'वाल्यांना हे समजवायला नको. फक्त तिकडे माणूस दुसऱ्या वाडीवर गेला की शेवटचं नाव बदलायचं, घरजावई झाला तर बायकोच्या वाडीचं लागायचं. कायमचं आडनाव सक्तीचं केलं 1923 च्या कायद्याने. त्यामुळे सख्खे भाऊ अमेरिकेत एक हान्सन आणि एक बाकेन झालेले सापडतात.

आता माझ्या सासरची गोष्ट सांगतेच. नवऱ्याच्या काकांच्या दिवाणखान्यात फ्रेम केलेली वंशावळ आहे, थेट नॉर्वेचा पहिला राजा मानल्या जाणाऱ्या हाराल्डपर्यंत. कुठल्याशा साइटवर इतरांच्या वंशावळी जोडत जोडत तयार केलेली. एका थँक्सगिव्हिंगला त्यांनी मला विचारलं, "नॉर्वेत वाल्द्रेसला आमचं मोठं शेत होतं. तुमच्याकडे जमीन होती का?" म्हटलं, आजोबा कूळ होते, कूळकायद्याने सातबाऱ्यावर त्यांचं नाव लागलं. काका "अच्छा, टेनंट" म्हणाले आणि टर्की कापायला लागले.

मग मी डिजिटलआर्किवेट उघडलं. नॉर्वेच्या सरकारी अभिलेखागाराचं संकेतस्थळ आहे, फुकट आहे, त्यामुळे पैशांचा प्रश्न इथेच मिटला. नवऱ्याच्या खापरपणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडली. गॉथिक अक्षर, शाई फुटलेली. वाडीचं नाव काकांनी सांगितलं तेच, पण त्याला शेपूट होतं 'एये', आणि बापाच्या नावाआधी 'हुसमान'. म्हणजे वाडी दुसऱ्याची. यांना तिच्या कडेला खोपटं आणि जमिनीचा तुकडा, बदल्यात मालकाच्या शेतावर राबायचं. 1865 च्या जनगणनेत गुरं आणि पेरणीसुद्धा लिहिली आहे. यांच्या नावापुढे एक गाय, काही मेंढ्या, थोडं जव आणि बटाटे. प्रिंट काढून काकांना दिली. म्हणाले, पाद्र्याने चुकीचं लिहिलं असेल. बरं, मग जनगणनावाल्यानेही चुकीचं लिहिलं का? आणि एवढं मोठं शेत होतं तर बोटीत कशाला बसले?

तुमचं काम अमेरिकेतूनच सुरू होईल. पूर्वज ज्या लुथरन चर्चमध्ये जात त्याच्या वह्या बघा. जन्मगाव बहुधा तिथेच सापडतं, सरकारी कागदावर नुसतं 'नॉर्वे' असतं. गाव कळलं की तिथल्या चर्चच्या वह्यांत स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि जन्मतारीख धरून शोधा, वाडीच्या नावावर अडून बसू नका. कन्फर्मेशनच्या (मुलं मोठी झाल्यावर चर्चमध्ये होणाऱ्या विधीच्या) नोंदीत देवीची लस टोचल्याची तारीखही मिळते. 1812 नंतर वहीच्या दोन प्रती ठेवायचे, एक पाद्र्याची, एक त्याच्या मदतनिसाची. एकीतलं पान वाचता येत नसेल तर दुसरी शोधा. गाव सोडून गेलेल्यांची वेगळी यादी असते, तीही बघा.

शेतमालकांची धाकटी मुलंही बोटीत बसली, हे मात्र खरं, कारण ओडेल नावाच्या वारसाहक्काने वाडी थोरल्याकडे जायची. तेव्हा तुमच्या सासरचे मालक निघूही शकतात. आणि बहुतेक ठिकाणच्या चर्चच्या वह्या 1700 च्या आसपास सुरू होतात. हाराल्ड साधारण 900 सालचा. मधल्या आठशे वर्षांत शेतकऱ्याघरचा बाप कुठल्या कागदावरून ठरवला, हे मी काकांना विचारलं होतं. तेव्हापासून थँक्सगिव्हिंगला आम्ही काकूंच्या माहेरी जातो. ते स्वीडिश आहेत.