निळी स्क्रीन येतेय? आधी रॅम बघ
अरे, लगेच विंडोज पुन्हा टाकायला बसू नकोस. रॅम चुकत असेल तर नवं विंडोजही बिघडूनच बसेल. आधी बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, बंद कर. ३२०० वेगाची डीडीआर४ (रॅमचा एक प्रकार) रॅम मग बहुतेकदा २१३३ किंवा २४०० वर येईल. तेवढ्याने मशीन शांत झालं, तर बहुधा वेग झेपत नव्हता.

तरी बंद पडतंय? पॉवर केबल काढ, रॅमची एकच स्टिक (पट्टी) ठेव आणि क्लिप ‘टक्’ वाजेपर्यंत दाब. माझ्या पहिल्या मशीनने महिनाभर छळलं होतं, आणि स्टिक फक्त एका टोकाला जरा वर राहिली होती!

मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालव. प्रत्येक स्टिक वेगळी तपास. एक जरी एरर आली तरी ‘एकच तर आहे’ म्हणून सोडू नकोस; अशाने फोटो, फायली नकळत खराब होतात. तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये स्वच्छ निघाली, तर संशय मदरबोर्डावर.